जळगावात लॅपटॉप घ्यायला गेलो, चहा प्यालो आणि 58 हजारांना बसलो

केळीचा खुंट (रविवार, रात्री 10:20)

नमस्कार मंडळी. शिव्या घालायच्या तर घाला, पण आधी पूर्ण वाचा.

मुलगी यंदा अकरावी सायन्सला गेली. सीईटी कॉम्प्युटरवरच होते, सराव परीक्षा मोबाईलच्या टिचभर पडद्यावर किती दिवस देणार? माझेही सोसायटीचे हिशोब एक्सेलात असतात. म्हणून घरात एक कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. बजेट चाळीस हजार, त्याच्या वर एक रुपया नाही असं घरून निघताना मीच बजावलं होतं. पेपरात जळगावच्या एका मोठ्या शोरूमची जाहिरात आली होती: आय-3, 8 जीबी रॅम, 512 जीबी एसएसडी, 36,990. कात्रण खिशात घातलं, यावलहून सकाळची एसटी धरली आणि बापलेक दुकान उघडायच्या आधी दारात हजर.

काउंटरवरचा पोरगा इतका गोड की काय सांगू. "काका, आधी बसा, उन्हातून आलात." एसीसमोर खुर्ची, मुलीला कोल्ड्रिंक, मला चहा. कात्रण पुढे केलं तर म्हणतो, "तो पीस कालच गेला काका. आणि तुम्ही घरच्यासारखे वाटता म्हणून सांगतो, त्याची सर्व्हिस जळगावात होत नाही, नाशिकला पाठवावा लागतो." मग मुलीकडे वळून, "ताई सायन्सला ना? मग एआयवाला घ्या. आय-3 दोन वर्षांत बाद होणार." कीबोर्डावरचं एक बटण दाबून दाखवलं, पडद्यावर काहीतरी उघडलं, मुलीचा चेहरा फुलला. मी तिथंच संपलो.

तरी म्हटलं, "घरी विचारून सांगतो." तो म्हणाला, "काकूंना फोन लावा ना, मीच बोलतो." आणि मी लावला! हिचं नेहमीचंच, "तुम्ही तिथं आहात, तुम्हालाच काय ते कळेल."

पुढचं ऐका. "नुसतं बघू, लोन बसतं का" म्हणून आधार आणि पॅन घेतलं. मोबाईलवर ओटीपी आला, त्यानं विचारला, मी सांगितला. दुसरा आला, तोही सांगितला. तिसऱ्या ओटीपीनंतर उभा राहून हात पुढे केला, "अभिनंदन काका, अप्रूव्ह झालं!" मी "घेतो" हा शब्द तोवर उच्चारलाच नव्हता. पण आता समोर हात आला होता, शेजारचे दोन पोरं टाळ्या वाजवत होते, आणि मुलगी हसत होती.

घरी येऊन बिल नीट वाचलं. आय-5 चा लॅपटॉप 47,990. दोन वर्षांची जादा वॉरंटी 4,499. अँटीव्हायरस 1,999. सेटअप आणि ऑफिस इन्स्टॉलेशन 999. बॅग-माउस कॉम्बो 1,299. बेरीज 56,786. वर लोनची प्रोसेसिंग फी जीएसटीसकट 1,179 आणि कसल्याशा कार्डाचे 599. एकूण 58,564. 56,786 चे "शून्य टक्के" व्याजानं बारा हप्ते, महिन्याला साधारण 4,732.

वॉरंटीचं आणि अँटीव्हायरसचं मला कोणी विचारलंच नाही. "पॅकेजमध्येच आहे" एवढंच कानावर आलं होतं, मला वाटलं फुकट.

आता काही होऊ शकतं का? सहा दिवस झालेत.

दीपनगरी (रविवार, रात्री 10:51)

पहिलं, लॅपटॉपच्या बुडावरचा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर वॉरंटीच्या पानावर टाका आणि शेवटची तारीख काय दाखवते ते इथं लिहा. दुसरं, मॉडेल आणि प्रोसेसरचा पूर्ण नंबर द्या, नुसतं "आय-5" म्हणजे "बैल पांढरा आहे" म्हणण्यासारखं.

केळीचा खुंट (रविवार, रात्री 11:15)

स्टिकरवर आय-5, 13420एच. रॅम 8 जीबी. सिरियल नंबर उद्या उजेडात बघतो, तो मुंगीएवढ्या अक्षरात आहे.

दीपनगरी (रविवार, रात्री 11:32)

मग थोडी चांगली बातमी. मशीन वाईट नाही, सीईटी आणि एक्सेलला भरपूर आहे. पण "एआयवाला" हे निव्वळ स्टिकर. मायक्रोसॉफ्ट ज्याला कोपायलट प्लस पीसी म्हणते त्याला निदान 16 जीबी रॅम लागते आणि एनपीयू नावाचा वेगळा भाग लागतो, तोही सेकंदाला 40 लाख कोटी आकडेमोडी करणारा. तुमच्या 8 जीबीवाल्यात ते बसूच शकत नाही. ते बटण फक्त कोपायलट हा एआय मदतनीस उघडतं, जो तुमच्या मोबाईलच्या ब्राउझरमध्येही फुकट उघडतो. एका बटणासाठी अकरा हजार!

आणि आय-3 दोन वर्षांत बाद होतो हेही खोटं. विंडोज 11 आठव्या पिढीपासून पुढच्या इंटेलवर चालतं. आज नवा मिळणारा आय-3 बाराव्या-तेराव्या पिढीचा असतो. बाद होतंय ते विंडोज 10, त्याचे नेहमीचे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. त्याचीच भीती घालून सध्या सगळीकडे नवे लॅपटॉप खपवतात, कारण गिऱ्हाइकाला 10 आणि आय-3 यातला फरक कोण सांगतो?

माजी काउंटरवाला (सोमवार, सकाळी 7:40)

वाचलं, आणि थोडी लाजही वाटली. तीन वर्षं मी हेच केलंय, जळगावात नाही, दुसऱ्या शहरात. म्हणून पलीकडची बाजू सांगतो.

लॅपटॉपवर दुकानाला फार सुटत नाही. सुटतं ते वॉरंटी, अँटीव्हायरस, बॅग आणि लोनवर. आम्ही त्याला "अटॅच" म्हणायचो. संध्याकाळी सहा वाजता मॅनेजर ग्रुपवर टाकायचा, आज कोणाचा अटॅच किती. दहा लॅपटॉपमागे चार वॉरंट्या गेल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगला सगळ्यांसमोर उभं करायचे. म्हणून "नको" ऐकलं की आमच्या पोटात गोळा यायचा. गिऱ्हाइकाला वाटतं पोरगा उद्धट आहे. पोरगा घाबरलेला असतो.

दुसरं, जो तुम्हाला एकाच कंपनीचं मशीन दाखवत राहतो तो बऱ्याचदा दुकानाचा नोकरच नसतो. कंपनीनं बसवलेला प्रमोटर असतो, पगार कंपनी देते. शर्टावर बारीक लोगो असतो, तो बघा. त्याला विचाराल "दुसऱ्या कंपनीचं कसं आहे", तो त्याच्या सर्व्हिस सेंटरला नाशिकला पाठवणारच!

"तो पीस गेला" हे कधी खरं असतं. पण बऱ्याच जाहिरातींतले पीस दुकानात दोन-तीनच यायचे. गिऱ्हाईक आत आलं की त्यांचं काम झालं.

चहा का देतात माहिती आहे? आम्हाला शिकवलं होतं: हातात कप असलेला माणूस उठत नाही. आणि कागदपत्रं हातात आली की परत द्यायची घाई करायची नाही. पॅन कार्ड टेबलावर आमच्या बाजूला पडलेलं असलं की माणूस निम्मा आमचा झालेला असतो.

धुळ्याची माय (सोमवार, सकाळी 9:05)

काउंटरवाले भाऊ, खरं बोललात म्हणून बरं वाटलं.

खुंटदादा, तुमचं नडलं ते आय-3 आणि आय-5 मध्ये नाही, मुरवतीत. भीड भिकेची बहीण. मीही अशीच होते. फ्रिज घ्यायला गेले आणि फ्रिजबरोबर स्टॅबिलायझर, स्टँड, कव्हर आणि कसलासा सुगंधी डबा घेऊन आले.

गेल्या वर्षी मुलाला डेस्कटॉप घ्यायचा होता तेव्हा ठरवून गेले. धुळ्यात आग्रा रोडला तीन दुकानं. पहिल्या दुकानात उभ्याउभ्याच बोलले. तो म्हणाला "बसा ना ताई", मी म्हटलं, "गुडघा दुखतो, बसले की उठायला त्रास होतो." (गुडघा ठणठणीत आहे.) चहाला म्हटलं, उपास आहे. मग एकच सांगितलं: कॅबिनेटमधल्या प्रत्येक वस्तूचं नाव, मॉडेल आणि किंमत कागदावर लिहून द्या, खाली जीएसटीसकट एकूण. त्यानं व्हिजिटिंग कार्डाच्या मागे "आय-5, 8 रॅम, 500 एसएसडी, 31,000" एवढंच लिहिलं. मी कार्ड परत केलं. म्हटलं, "असं नाही. बोर्डाचं नाव लिहा, एसएमपीएसचं, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायचं लिहा." तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याच्या जमिनीचा सातबारा मागितला.

"ताई, विश्वास नाही का?" म्हणाला. हे वाक्य आलं की समजायचं, आता आपल्यालाच लाज वाटायला लावताहेत. मी अहिराणीतच उत्तर दिलं, "इस्वास शे ना भाऊ, पन घरमा इचारीसन सांगस." तो हसला. तोही आमच्याच पट्ट्यातला निघाला. मग त्यानंच कागद काढून नीट लिहून दिलं, आणि लिहिताना दोन हजार आपोआप कमी झाले, वर एसएमपीएसचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा त्याला चांगला घालावा लागला.

तिन्ही दुकानांचे कागद घरी आणले. मुलानं रात्री बघितले, दुसऱ्या दिवशी तिसऱ्या दुकानातून घेतला. पहिल्या दुकानवाल्याचा चार दिवस फोन येत होता. नंबर चुकूनसुद्धा द्यायला नको होता.

क्लिकबहाद्दर (सोमवार, सकाळी 9:30)

एवढं सगळं कशाला? ऑनलाइन घ्या, घरबसल्या. तिथं कोणी चहा पाजत नाही.

अर्धा वकील (सोमवार, सकाळी 10:12)

चहा पाजत नाहीत, पण "फक्त 2 शिल्लक" आणि उलटं पळणारं घड्याळ दाखवतात ना. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर 2023 मध्ये अशा 13 प्रकारांची यादीच काढली. डार्क पॅटर्न म्हणतात त्यांना. खोटी घाई हा एक. न विचारता टोपलीत वस्तू घालणं हा एक. "नको, मला माझ्या लॅपटॉपची काळजी नाही" असलं बटण दाबायला लावून लाजवणं हाही एक. धुळ्याच्या माय यांना दुकानदारानं केलं तेच, फक्त पडद्यावर. ऑनलाइनवाल्यांना आधीच टिक केलेले चौकोन ठेवायलाही 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत मनाई आहे. तरी पैसे भरायच्या आधी टोपली उघडून बघाच.

आता खुंटसाहेबांच्या प्रश्नावर. मी वकील नाही, कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालो, म्हणून नाव अर्धा वकील.

एक गैरसमज आधी काढून टाकतो. "तीस दिवसांत कुठलाही माल परत घ्यावाच लागतो" असा कायदा नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 (लागू 20 जुलै 2020) सदोष माल परत न घेणं ही अनुचित प्रथा मानतो. बिलावर मुदत नसेल तर तीस दिवस धरतात. माल चांगला आहे आणि आपलं मन बदललं, तर दुकानदार बांधील नाही. म्हणजे लॅपटॉप विसरा.

पण बाकीच्या ओळी वेगळ्या. लॅपटॉप हवा तर वॉरंटी घ्यावीच लागेल, असं म्हणून माथी मारली असेल तर ती कायद्याच्या भाषेत निर्बंधक व्यापार प्रथा होते. जाहिरातीचंही तसंच. जून 2022 च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धच्या मार्गदर्शक सूचनांत आमिष जाहिरातीचा वेगळा भाग आहे. जाहिरातीतल्या भावानं माल विकायची खरी शक्यता आणि पुरेसा साठा असला पाहिजे, असं तिथं म्हटलंय. ते कात्रण फेकू नका!

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. फोनवर मराठीत बोलता येतं. बहुतेक वेळा कंपनीला तिथून नुसतं पत्र गेलं तरी मॅनेजर नरम येतो. नाहीच झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. पण 999 रुपयांसाठी तारखा घालत बसण्याआधी एकदा दुकानात समोरासमोर जा.

सारंगखेडा एक्सप्रेस (सोमवार, दुपारी 1:20)

आमच्याकडे दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. तिथला व्यापारीही चहा पाजतो, खांद्यावर हात टाकतो, मुलाला घोड्यावर बसवून फोटो काढतो. पण घेणारा माणूस दात बघितल्याशिवाय, चाल बघितल्याशिवाय, दुसऱ्या कोणाला तरी फिरवायला लावल्याशिवाय "हो" म्हणत नाही. आणि न घेता परत गेला तर त्याला कोणी कंजूस म्हणत नाही, बाजारच तसा. एसीवाल्या दुकानात शिरलं की हाच माणूस का विसरतो, मला कळत नाही. बहुतेक काचेच्या दारामुळे.

तापीकाठ (सोमवार, दुपारी 2:04)

वा! घोड्याचे दात म्हणजे लॅपटॉपचं काय?

दीपनगरी (सोमवार, दुपारी 2:40)

विचारलंत तर सांगतोच. खोक्याचं सील आपल्यासमोर फोडायला लावायचं. चालू झालं की टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स बघायचं, प्रोसेसरचं खरं नाव आणि रॅम तिथं दिसते. 512 ची एसएसडी विंडोजमध्ये 476 दिसते, त्यावरून दुकानदाराशी भांडू नका. ती मोजायची पद्धत वेगळी आहे, चोरी नाही. काचेत मांडलेला डेमो पीस नवा म्हणून देतात असा संशय असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर एसएसडी किती तास चालली ते दाखवतं. नव्या मशीनला पाच-दहा तासांच्या आत असायला हवं. माझ्या मेव्हण्याच्या "नव्या" लॅपटॉपला 1,140 तास निघाले होते.

आणि असेंबल करणाऱ्यांसाठी: "आय-5 पूर्ण सेट 12 हजारात" म्हणजे तिसऱ्या-चौथ्या पिढीचा जुना प्रोसेसर, डीडीआर-3 रॅम आणि एच-61 किंवा एच-81 सारखा जुना बोर्ड. चालतो, पण विंडोज 11 ला अधिकृतपणे बसत नाही. दुकानदार जबरदस्तीनं घालून देतो आणि वर क्रॅक केलेलं ऑफिस.

पाचकंदील (सोमवार, दुपारी 3:15)

विषय निघालाच आहे तर: "बिल नको असेल तर 18 टक्के कमी" हे गोड वाटतं, पण बिल नसेल तर वॉरंटी कशाची आणि तक्रार कशावर? लॅपटॉपवर, डेस्कटॉपवर 18 टक्के जीएसटी आहे, तो किमतीत धरूनच विचारा. छापील एमआरपी असेल तर तिच्यात सगळे कर आलेले असतात, वर जीएसटी लावता येत नाही.

अवांतर: अमळनेरला 1945 साली वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरू झालेल्या कंपनीनं, म्हणजे विप्रोनं, ऐंशीच्या दशकात कॉम्प्युटर बनवायला घेतले होते. डालडाच्या भावकीतून कॉम्प्युटरपर्यंत गेलेली कंपनी आपल्याच खान्देशात सुरू झाली, आणि घ्यायला गेलो की आपणच भेदरतो!

धुळ्याची माय (सोमवार, दुपारी 3:22)

पाचकंदील भाऊ, तुमचा अवांतर नेहमी मूळ विषयापेक्षा बरा असतो.

केळीचा खुंट (सोमवार, रात्री 9:30)

मंडळी, आज दोन गोष्टी समजल्या.

दीपनगरी, सिरियल नंबर टाकला. कंपनीच्या साइटवर वॉरंटी एकच वर्ष दिसते. म्हणजे 4,499 ची दोन वर्षांची वॉरंटी कंपनीची नाही. पिशवीतला कागद काढला, त्यावर तिसऱ्याच कोणत्या तरी संस्थेचं नाव आहे. खाली बारीक अक्षरात: पडद्याला तडा, पाणी, विजेचा झटका, बॅटरी यापैकी काहीच धरलेलं नाही. मग धरलंय काय? पण त्याच कागदावर सातव्या कलमात लिहिलंय की पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवून रद्द करता येईल. आज सातवा दिवस.

दुसरं ऐकून हसाल. वर्ड उघडलं तर कोपऱ्यात कोणाचा तरी ईमेल. माझा नाही, मुलीचा नाही. दुकानाच्या नावाचा जीमेल! ऑफिस लॅपटॉपबरोबर खोक्यातच आलं होतं, त्यांनी ते स्वतःच्या खात्यावर चालू करून दिलं आणि त्याचे माझ्याकडून 999 घेतले.

माजी काउंटरवाला (सोमवार, रात्री 9:48)

हे सर्रास होतं. गिऱ्हाइकाला ईमेल विचारत बसायला वेळ नसतो म्हणून एकाच खात्यावर वीस जणांची ऑफिसं. पुढे कधी विंडोज नव्यानं घातलं की ऑफिस तुमचं राहत नाही. याच मुद्द्यावर मॅनेजरला धरा. वॉरंटीवर तो वाद घालेल, पण दुसऱ्याच्या खात्यावर लायसन्स टाकलं यावर त्याला बोलायला जागा नाही.

अजून एक. उद्या जाल तेव्हा विकणाऱ्या पोराशी बोलू नका, त्याच्या हातात काही नसतं. दुपारी तीन-चारला जा, गर्दी कमी असते आणि मॅनेजर जागेवर असतो. शनिवार-रविवार तर नकोच. क्रेडिट नोट देतो म्हणतील, म्हणजे त्याच दुकानात पुन्हा खर्च करा. ती घ्यायची नाही.

अर्धा वकील (सोमवार, रात्री 10:05)

लोनची कागदं मोबाईलवर आली असतील, त्यात की फॅक्ट स्टेटमेंट शोधा. 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ कर्जांना ते द्यावंच लागतं, त्यात वर्षाला खरोखर किती टक्के पडतं ते लिहिलेलं असतं. फी धरून हिशोब केला की "शून्य टक्के" शून्य राहत नाही. कर्ज ॲपवरून दिलेलं असेल तर दंड न भरता बाहेर पडायची थोड्या दिवसांची मुदतही असते, ती बहुधा तुमची टळून गेली. बघून घ्या. आणि पुढच्या वेळी "नुसतं बसतं का बघू" म्हणणाऱ्याला ओटीपी द्यायचा नाही. नुसतं बघण्याची नोंदही सिबिलमध्ये राहते.

केळीचा खुंट (बुधवार, रात्री 8:50)

जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात.

एकटा गेलो नाही. हिला घेऊन गेलो. त्या दिवशी फोनवर "तुम्हाला कळेल" म्हणाली होती ना, आता बघ म्हटलं काय कळतं ते. तीन वाजता पोचलो. पोरगा धावत आला, "काका, काकू, बसा, चहा सांगतो." ही म्हणाली, "चहा घरून पिऊन आलोय. मॅनेजर कुठंय?" मला इतकी वर्षं हे वाक्य सुचलं नव्हतं.

मॅनेजर आला. मी एका वहीच्या पानावर चार ओळी लिहून नेल्या होत्या, खाली तारीख आणि सही, दुसरी प्रत त्याच्या सहीसाठी. वाचताना त्याचा हसरा चेहरा दुसऱ्या ओळीपर्यंत टिकला. ऑफिसच्या ओळीवर आल्यावर त्यानं त्या पोराकडे बघितलं. मला क्षणभर त्या पोराचीच दया आली, माजी काउंटरवाल्यांचं वाचलेलं डोक्यात होतं.

अँटीव्हायरसचं म्हणाले, त्याचा चालू करायचा कोड वापरला गेलाय, परत होणार नाही. विंडोजबरोबर डिफेंडर नावाचा अँटीव्हायरस फुकट येतो तर हा न विचारता का टाकला, म्हटलं. उत्तर नाही, पण पैसेही नाहीत. ते 1,999 गेले. वॉरंटीवर अर्धा तास गेला. आधी "सिस्टीममधून रद्द होत नाही." मग सातवं कलम दाखवलं. मग "क्रेडिट नोट देतो, दिवाळीला टीव्ही घ्या." ही म्हणाली, "आमच्या घरी टीव्ही आहे. दोघांचे डोळे आहेत, तेवढा पुरतो." मी 1915 चं नाव काढलं, कात्रण टेबलावर ठेवलं. आवाज चढवला नाही. मॅनेजर आत जाऊन कोणाशी तरी फोनवर बोलला.

शेवटी वॉरंटीचे 4,499 आणि इन्स्टॉलेशनचे 999, मिळून 5,498 यूपीआयनं परत आले. मेसेज येईपर्यंत उठलो नाही. ऑफिसचं त्यांनी आधी "होत नाही" म्हटलं, मग ते जीमेल आणि पासवर्ड कायमचं आमच्या नावावर करून दिलं, मोबाईल नंबर मुलीचा टाकला, पासवर्ड तिनं तिथंच बदलला. नशीब त्या खात्यावर दुसऱ्या कोणाचं ऑफिस नव्हतं. बॅग-माउस परत केलं नाही. बॅग मुलीला आवडलीय, वर तिनं नाव घातलंय.

लोनचं काही झालं नाही. हप्ते भरणार. हिशोब केला तर अजूनही चाळिसाच्या वर 13 हजार 66 रुपये जास्त गेले. तेवढ्या पैशांत आमच्या शेजाऱ्यानं मुलीला जुना डेस्कटॉप घेऊन दिला असता, असं ही येताना एसटीत तीनदा म्हणाली.

दीपनगरी (बुधवार, रात्री 9:10)

13 हजार सगळे वाया नाहीत. आय-5 चे थोडे धरा, मशीन आठ वर्षं वापरा.

माजी काउंटरवाला (बुधवार, रात्री 9:25)

त्या पोराचं काय झालं?

केळीचा खुंट (बुधवार, रात्री 9:41)

निघताना दाराशी उभा होता. म्हणाला, "काका, मला वरून सांगितलं होतं हो." ही त्याला म्हणाली, "जेवलास का?" मला काही सुचलं नाही.

धुळ्याची माय (बुधवार, रात्री 9:50)

वहिनींना इथं खातं उघडून द्या.

गिरणाकाठची (गुरुवार, सकाळी 8:15)

हा धागा काल रात्री एका दमात वाचला. आम्हाला भावाच्या टॅलीच्या कामासाठी डेस्कटॉप घ्यायचाय, शनिवारी पाचोऱ्याहून जळगावला येतोय. दुकानदार फोनवर म्हणतो, रॅमचे भाव रोज वाढताहेत, आजच बुक करा, निम्मे पैसे पाठवा. हे खरं की खोटं?

दीपनगरी (गुरुवार, सकाळी 8:40)

अर्धं खरं. 2025 च्या शेवटापासून रॅम खरंच महागली, एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली. पण शनिवारपर्यंत हजार-पाचशेनं चढेल असं धरलं तरी न बघता निम्मे पैसे पाठवण्यापेक्षा ते स्वस्त. टॅलीला 8 जीबी पुरते. वर 600 व्हीएचा यूपीएस घ्या, लाइट गेली की एंट्री सेव्ह करून बंद करण्याएवढा वेळ मिळतो. त्याहून मोठा गळ्यात घालतील, तो नको.

गिरणाकाठची (गुरुवार, सकाळी 8:52)

पैसे पाठवत नाही मग. गोलाणी मार्केटला दुकानं किती वाजता उघडतात?

केळीचा खुंट (गुरुवार, सकाळी 9:03)

अकराच्या आत जाऊ नका, निम्मी शटरं खालीच असतात. आणि शनिवारऐवजी शुक्रवारी जमतंय का बघा. मी त्या दिवशी सोसायटीच्या कामानं जळगावातच आहे, दुपारी दोनपर्यंत मोकळा. वही आणि पेन मी आणतो.